चित्रातल्या बाईचं नाव काय?

बाईच्या चित्रावरून भांडण पेटलं की आपल्याकडे ताबडतोब दोन फळ्या उभ्या राहतात. एक म्हणते, संस्कृती बुडाली, झाका ते चित्र. दुसरी म्हणते, कलावंताचं स्वातंत्र्य धोक्यात आलं, वाचवा ते चित्र. दोन्हीकडे बोलणारे बहुतेक पुरुषच असतात आणि दोघांनाही बाईचा फार कळवळा असतो. पण चित्रात जी बसली आहे, तिच्याशी बोलायला कुणालाच सवड नसते. ती कोण होती? तिला विचारलं होतं का? तिला किती पैसे मिळाले? आपलं चित्र असं व्हावं हे तिला पटलं होतं का? हे प्रश्न ना पोलीस ठाण्यात विचारले जातात, ना कलादालनात.

काही मैत्रिणी म्हणतील, संगमेश्वरसारख्या तालुक्यात काम करताना पाणी, रोजगार, दारू, मारहाण हे प्रश्न काय संपले, म्हणून ही आधुनिक कलेच्या मागे लागली? संपलेले नाहीत. पण बाईकडे बघण्याची जी सवय चित्रातून लागते, तीच सवय घेऊन माणसं ग्रामसभेत, तलाठ्याकडे आणि दवाखान्यात बसलेली असतात. म्हणून चित्रांबद्दल बोलायला हवं. आणि ते बोलणं फक्त समीक्षकांवर सोडून चालणार नाही.

कापडाच्या मापाने मोजलेली कला

१९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या 'लव्हर्स' या चित्रांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ते सुटले. १९९६ साली मकबूल फिदा हुसेन यांनी कितीतरी वर्षं आधी काढलेल्या देवतांच्या चित्रांवरून वादळ उठलं. अहमदाबादला चित्रं जाळली, १९९८ साली त्यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला झाला, गावोगाव फिर्यादी दाखल झाल्या. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी पंढरपूरला जन्मलेला हा चित्रकार २०११ साली लंडनमध्ये वारला. अगदी अलीकडे, २०२३ साली, मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने परदेशातून आलेली फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि पदमसी यांची ७ चित्रं अश्लील म्हणून अडकवून ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याचा आदेश रद्द केला आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे पुन्हा एकदा बजावलं.

या सगळ्या खटल्यांत न्यायालयांनी कलावंताला सोडवलं, हे चांगलंच झालं. चित्र जाळणाऱ्यांच्या बाजूने आपण कधीही उभं राहू नये. बाईचं अंग दिसलं की ज्यांची संस्कृती बुडते, त्यांची संस्कृती बाईच्या अंगावर मारहाणीचे वळ दिसले तरी कोरडीच राहते, हा आपला रोजचा अनुभव आहे.

पण स्त्री-चळवळीनेही इथे आपल्याकडे नीट बघायला हवं. ८०च्या दशकात शहरांतल्या स्त्री-संघटनांनी बाईला भोगवस्तू म्हणून दाखवणाऱ्या सिनेमाच्या पोस्टरांना काळं फासलं. त्यामागचा राग खरा होता. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा १९८६ साली आला, तोही त्याच काळात. नंतर मात्र काळ्या रंगाची ती बादली दुसऱ्यांनीच उचलली आणि त्यांनी ती आपल्याला विचारून उचलली नाही. कायद्याचं म्हणाल, तर चित्रात काय दिसतं एवढंच तो बघतो. कलेच्या हितासाठी काढलेल्या चित्रांना तो सूटही देतो. चित्र काढलं जात असताना तिथे काय घडलं, कुणी कुणाला काय करायला लावलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कापड किती आणि कातडी किती, एवढंच मोजणारी फूटपट्टी बाईच्या उपयोगाची नाही. आपल्याला दुसरं माप शोधायला हवं.

सही कुणाची?

आमच्या तालुक्यात कसब्याला कर्णेश्वराचं प्राचीन मंदिर आहे. तिथलं दगडातलं कोरीवकाम बघायला लोक दुरून येतात. ते कोरणाऱ्या पाथरवटाचं नाव कुणाला माहीत नाही, आणि कुणाला समोर ठेवून त्याने मूर्ती कोरल्या, तेही माहीत नाही. दोघंही अनामिक.

आधुनिक कलेने यातल्या एकालाच नाव दिलं. कलावंताची सही आली, त्याची शैली, त्याचा कालखंड, त्याची किंमत आली. चित्र 'कशाचं' यापेक्षा चित्र 'कुणाचं' याला महत्त्व आलं. आणि जिच्याकडे बघून ते काढलं, ती राहिली 'बसलेली स्त्री', 'नग्निका', 'कोळीण', 'खेड्यातली मुलगी'. आधुनिक चळवळींनी रेषा मोडली, रंग मोडला, आकार मोडला, शरीराचे तुकडे केले. सगळं मोडलं, पण कुंचला त्याच्या हातात आणि अंग तिचं, ही जुनी वाटणी मात्र कुणी मोडली नाही.

युरोपात बघा. माने या फ्रेंच चित्रकाराचं १८६३ सालचं 'ऑलिम्पिया' हे आधुनिक कलेच्या उगमापाशी मानलं जाणारं चित्र. त्यासाठी बसलेल्या बाईचं नाव होतं व्हिक्टोरीन म्यूराँ. ती स्वतः चित्रकार होती. १८७६ साली पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात तिचं चित्र स्वीकारलं गेलं, आणि त्याच वर्षी मानेची चित्रं नाकारली गेली. तरी पुढची कितीतरी वर्षं तिची ओळख, दारू पिऊन वाया गेलेली एक बाई, अशीच करून दिली जात होती. प्रत्यक्षात ती ऐंशी पार करून १९२७ साली वारली. त्याच चित्रात फुलं घेऊन उभी असलेली काळी दासी आहे. तिच्यासाठी बसलेल्या बाईचं लॉर हे नाव तर त्याहून कमी जणांना माहीत आहे. गोगँ १८९१ साली ताहिती बेटावर गेला आणि सुमारे तेरा वर्षांच्या मुलीला बायको म्हणून ठेवून तिची चित्रं काढू लागला. त्याला आपण 'आदिम सौंदर्याचा शोध' म्हणायला शिकलो. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न आपल्या वाडीत लागलं तर आपण त्याला काय म्हणतो?

१९८९ साली न्यूयॉर्कच्या 'गरिला गर्ल्स' या स्त्री-कलावंतांच्या गटाने तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली सरळ मोजदादच केली. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के बायकांची. संग्रहालयात शिरायला बाईला कपडे काढावे लागतात काय, असा सवाल त्यांनी पोस्टरवर छापला. आकड्यांनी जेवढं सांगितलं, तेवढं सांगायला समीक्षकांना पुस्तकं लागली असती.

आपल्याकडची परंपरा

आपण काही वेगळे नाही. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज सनदी अधिकाऱ्याचं भारतातल्या स्त्रियांवरचं एक पुस्तक निघालं. त्यातली चित्रं कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची. धुरंधरांच्या हाताबद्दल वादच नाही. पण त्या पुस्तकात बाई असते ती जातीचा, प्रांताचा, धंद्याचा नमुना म्हणून: लुगडं कसं नेसते, दागिने कोणते घालते, डोक्यावर काय वाहते. दुकानातल्या बरण्यांना चिठ्ठ्या लावाव्यात तशा बायकांना चिठ्ठ्या. गंमत अशी, की याच धुरंधरांनी आपल्या मुलीला, अंबिकाला, जे. जे. कलाशाळेत शिकवलं, १९३१ साली तिने तिथली पदविका घेतली आणि ती स्वतः चित्रकार झाली. घरातल्या मुलीच्या हाती कुंचला आणि पुस्तकातल्या बाईच्या डोक्यावर टोपली.

सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं, हातात समई घेतलेल्या तरुणीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हजारो लोक ते बघतात. त्यातल्या तरुणीचं नाव आपल्याला ठाऊक आहे: गीता उपळेकर, हळदणकरांची मुलगी. २०१८ साली कोल्हापुरात वयाच्या १०२व्या वर्षी त्या वारल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या. ते योग्यच झालं. पण यातून एक नियम लक्षात येतो. समोर बसलेली मुलगी असेल, बायको असेल, राणी असेल, तर तिला नाव. रोजावर बसलेली असेल तर तिला नुसता क्रमांक.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे असे सहा संस्थापक, सहाही पुरुष. वसाहतीची शिकवण झुगारायची, स्वतःची भाषा शोधायची, ही त्यांची जिद्द मोठी होती. कृष्णाजी आरा तर घरगडी म्हणून राबलेले, तळातून आलेले. पण या पुरोगाम्यांच्या चित्रांतही बाई बहुतेक वेळा काहीतरी 'म्हणून' येते: वासना म्हणून, माता म्हणून, पाप म्हणून, भारतमाता म्हणून. गोव्याच्या साळगावातून आलेल्या सूझांनी चर्चच्या दांभिकतेवर घाव घातले, हे खरं. ते घाव बसले मात्र बाईच्या अंगावर. पुरुषाचं भांडण देवाशी, आणि रणांगण बाईचं शरीर.

१९५३ साली या गटाच्या प्रदर्शनात एक बाई सामील झाली: कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, जे. जे.च्या सुवर्णपदक विजेत्या. पुढे त्या वेशभूषेकडे वळल्या आणि १९८३ साली 'गांधी' सिनेमासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. भानू अथय्या म्हणून सगळ्यांना माहीत आहेत त्या याच. 'प्रोग्रेसिव्ह'च्या गोष्टी सांगताना मात्र सहा पुरुषांची यादी संपते तिथे गोष्टही संपते.

बसणं हेही काम आहे

कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणाऱ्या बायकांवर २०१८ साली रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी सिनेमा आला. नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुंबईला आलेली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी हे काम करते आणि मुलापासूनच ते लपवते. त्याआधी, २०१७ च्या गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून हा सिनेमा सरकारने ऐनवेळी काढला. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. पुन्हा तेच दोन पक्ष, तीच चर्चा: दाखवावा की न दाखवावा. यमुनेसारख्या बाईला तासाला काय मिळावं, आजारपणात काय मिळावं, ओळखीच्या कुणी वर्गाच्या दारात येऊन डोकावलं तर कुणाकडे दाद मागावी, यावर त्या गदारोळात कोण बोललं?

तासन्‌तास एकाच अवस्थेत बसणं हे अंगमेहनतीचं काम आहे. पाठ धरते, पाय बधिर होतात. भांडी घासणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायकांचं श्रम म्हणून जे म्हणणं आपण मांडतो, तेच इथेही लागू आहे. कलावंताच्या प्रतिभेपुढे मजुरीचा हिशेब मांडणं क्षुद्रपणाचं वाटत असेल, तर तो क्षुद्रपणा आपण आनंदाने करू.

चिखलातलं सौंदर्य

नग्नतेवरून भांडण तरी होतं. पण आमच्याकडे बाईचं जे चित्र सगळ्यात जास्त काढलं जातं, त्यावर कधी ब्रही निघत नाही, कारण त्यातली बाई अंगभर कपड्यांत असते. पाऊस लागला की कोकणात पाहुणे चित्रकार आणि छायाचित्रकार येऊ लागतात. सह्याद्रीचे कडे, शास्त्री नदी, धुकं, कौलारू घरं आणि लावणी लावणाऱ्या, चिखलात वाकलेल्या बायका. रांग छान दिसते, हिरव्यावर लुगड्यांचे रंग उठून दिसतात. उन्हाळ्यात याच बायका डोक्यावर हंडा-कळशी घेऊन पायवाट चढताना दिसतात. कॅलेंडरवर, बँकेच्या भिंतीवर, पर्यटनाच्या पत्रकावर आणि आता मोबाइलवर.

एका वाडीत असेच पाहुणे आले होते. बायकांनी पावसासाठी प्लास्टिकचे कागद घेतले होते. पाहुण्यांना ते खटकले. कागद काढा, इरली घ्या, म्हणजे चित्र 'अस्सल' होईल, असा आग्रह सुरू झाला. इरलं जड, आता ते करणारेही फार उरले नाहीत, म्हणून तर कागद आला. पण चित्राला कागद चालत नव्हता. आमच्या गटातली एक बाई म्हणाली, "उभी राहते की! पण तेवढ्या वेळाची मजुरी कोण देणार?" पाहुणे हसले. मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आधुनिक कलेवरच्या कितीतरी परिसंवादांत जो विचारला जात नाही, तो प्रश्न तिने गुडघाभर चिखलात उभं राहून विचारला होता.

जलरंगातलं पाणी कागदावर सुरेख पसरतं. खाचरातल्या पाण्यात दिवसभर उभं राहिलं की पायांच्या बोटांत चिखल्या होतात. वाकून वाकून कंबर जाते. बाळंतपणानंतर लगेच भारे उचलल्यामुळे अंग बाहेर आलेल्या बायका आरोग्य शिबिरात भेटतात, तेही खाजगीत, कुजबुजत. हे चित्रात यावं असा हट्ट नाही. पण त्याच वाकण्याला 'निसर्गाशी एकरूप झालेली स्त्री' असं नाव देऊन फ्रेम करायचं, हे मात्र खोटं आहे. नवरा मुंबईला चाकरमानी, शेत बाई करते, आणि सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं. चित्रात सगळीकडे ती, कागदोपत्री कुठेच नाही. देखावा म्हणून बघायची सवय झाली की शेतकरी म्हणून बघायची गरज उरत नाही. आमच्या सावर्ड्या-देवरुखाकडे कलामहाविद्यालयं आहेत, खेड्यातल्या मुली तिथे शिकतात. लावणीत वाकलेल्या आईचं चित्र त्या कसं काढतील, याची मला फार उत्सुकता आहे.

कुंचलाच बाईच्या हातातून जातो, असंही होतं. डहाणू-तलासरीकडे वारली लग्नात भिंतीवर चौक लिहायच्या त्या सवाशिणी. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी कागद आणि रंग पोचवले आणि ही कला जगभर गेली. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते मोठे कलावंत होते, त्यांचा मान खराच. पण भिंतीवरून कागदावर, म्हणजे विधीतून बाजारात येताना लिहिणाऱ्या बायकांची नावं कुठे गळली? जी लिहीत होती, ती आता त्या चित्रात पाणी भरताना आणि नाचताना दिसते.

मग चित्र काढायचंच नाही का?

हा प्रश्न नेहमी येतो. काढावं, जरूर काढावं. पुरुषानेही काढावं. नागपूरच्या सावी सावरकरांनी देवदासींची चित्रं काढली. त्यांत बाईच्या अंगावर जातीने आणि धर्माने उमटवलेला शिक्का दिसतो आणि शिक्का मारणारा हातही लपत नाही. बघणाऱ्याला ते चित्र सुखाने बघू देत नाही. दिवाणखान्यात टांगण्याच्या दुःखात आणि या दुःखात फरक आहे.

आणि रस्ते आहेत, ते बायकांनीच काढले आहेत. दिल्लीच्या शेबा छाछी ८०च्या दशकात हुंडाबळींविरोधी मोर्च्यांचे फोटो काढत होत्या. मूठ आवळून घोषणा देणाऱ्या बायकांचे ते फोटो गाजले. पण मोर्च्यातली बाई म्हणजे केवळ तिची मूठ का, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. मग १९९०च्या सुमारास त्यांनी चळवळीतल्या सात जणींना सांगितलं, तुमचा फोटो कसा असावा ते तुम्हीच ठरवा. कुठे बसायचं, हातात काय घ्यायचं, शेजारी कोणत्या वस्तू ठेवायच्या, ते त्यांनी आणि शेबांनी मिळून ठरवलं. त्यांत हुंड्यापायी लेक गमावलेल्या सत्यराणी चढ्ढा होत्या. कॅमेरा एकीच्या हातात राहिला, पण चित्र दोघींचं झालं.

दुसरा रस्ता मला आमच्या कामाच्या फार जवळचा वाटतो. जे. जे.मध्ये शिकलेल्या नवजोत अल्ताफ १९९० नंतरच्या दशकात बस्तरमध्ये कोंडागावला गेल्या आणि शांतीबाई, राजकुमार, गेस्सूराम या आदिवासी भागातल्या कलावंतांबरोबर काम करू लागल्या. त्यांनी केलेलं 'नलपार' म्हणजे हातपंपाभोवतीची जागा. तिथे पाणी भरायला येणाऱ्या बायका-मुलींना भांडं ठेवायला, उचलून डोक्यावर घ्यायला सोपं जावं, असे ओटे आणि भिंती त्यांनी गावकऱ्यांशी बोलून रचल्या, घडवल्या, नटवल्या. पाणी वाहणाऱ्या बाईचं चित्र शेकडो कलावंतांनी काढलं. इथे कलेने तिच्या मानेवरचा भार कसा उचलला जातो याचा विचार केला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये ज्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते, तिथे हंडेवालीचं आणखी एक जलरंगचित्र हवं की असं एक नलपार हवं, हे त्या वाडीतल्या बायकांनाच विचारू.

आपलं माप

तर मैत्रिणींनो, यापुढे चित्राची चर्चा निघाली की 'सभ्य की असभ्य' या सापळ्यात पाय ठेवू नका. आपले प्रश्न हे: ही कोण? तिला विचारलं का? नको म्हणायची तिला सोय होती का? मजुरी किती? चित्र विकलं तेव्हा तिला काय मिळालं? चित्र तिने पाहिलं का? आणि तिच्या जातीची, तिच्या वस्तीतली बाई कुंचला घेऊन कधी उभी राहणार?

कलाशाळांनी मॉडेलना ठरलेलं मानधन, आडोसा, ओळखीची गुप्तता आणि तक्रार करण्याची जागा द्यावी, ही मागणी स्त्री-संघटनांनी उचलावी. प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर कलावंताच्या नावाखाली, तिची हरकत नसेल तर, तिचंही नाव असावं. गावात येऊन कामावरच्या बायकांचे फोटो आणि चित्रं काढणाऱ्यांनी आधी परवानगी घ्यावी, खोळंब्याची मजुरी द्यावी, असा ठराव महिला ग्रामसभेत करायला कुणाची आडकाठी आहे?

आणि एक काम प्रत्येक गटाने करावं. आपल्या गावातल्या पंचायतीत, बँकेत, शाळेत, घरच्या कॅलेंडरवर बाईचं जे चित्र टांगलेलं आहे त्यासमोर मिळून बसा. त्यातली बाई काय करते आहे, तिच्या हातात काय दिलं आहे, तिच्याकडे कोण बघतं आहे, आणि आपण काढलं असतं तर काय काढलं असतं, ते बोला. जिला लिहिता येतं तिने लिहा, जिला येत नाही तिने कोळशाने काढा. ते या पत्रिकेकडे पाठवा. खाली सही करायला मात्र विसरू नका.